काळी गाडी खरंच जास्त पेट्रोल पिते का?

नवी_चाकं

गाडी ठरली आहे. मॉडेल, इंजिन, व्हेरिएंट सगळं पक्कं. अडलंय ते फक्त रंगापाशी: काळा की पांढरा? मनात काळा आहे, पण "काळी तापते, एसी जास्त ओढते, ॲव्हरेज पडतं" असं जो तो सांगतो. आकडा मात्र कुणीच सांगत नाही.

वापर असा: सकाळी १२ किमी, दुपारी चारला परत १२ किमी, सगळं शहरातलं. मधले ७-८ तास गाडी उघड्यावर, सावली अजिबात नाही. एसी कायम चालू. अधूनमधून हायवे. पेट्रोल इंजिन, साधा नॉबवाला एसी.

ॲव्हरेजमध्ये नेमका किती फरक पडेल? पांढऱ्या रंगाने २ टक्के इंधन वाचतं असं वाचलं, त्यात तथ्य किती? आणि काळीच घेतली तर तो फरक कशाने भरून काढता येईल? गडद रंगाचा थर जड असतो असंही एकाने सांगितलं, त्याबद्दलही कळलं तर बरं.

यंत्रवेडा

रंगाचा इंधनाशी संबंध येतो तो एसीमार्फतच. एसी बंद असेल तर काळी आणि पांढरी गाडी सारखंच पेट्रोल पिणार. त्यामुळे खरा प्रश्न असा आहे की रंगामुळे केबिनमध्ये जास्तीची उष्णता किती येते आणि ती बाहेर काढायला कंप्रेसरला किती काम पडतं. हिशेब मांडूनच पाहू.

भर दुपारी आडव्या पृष्ठभागावर दर चौरस मीटरला साधारण ९०० वॅट ऊन पडतं. साधा काळा रंग त्यातलं ९५ टक्के शोषतो, पांढरा ४० टक्क्यांच्या आसपास. टप २ चौरस मीटरचा धरला तर दोघांत जवळपास १००० वॅटचा फरक. हा आकडा ऐकून माणूस घाबरतो, पण यातली बहुतेक उष्णता पत्र्यावरून हवेत आणि आकाशाकडे परत जाते. आत येते ती टपाचं अस्तर आणि मधली हवेची फट ओलांडून जेवढी येईल तेवढीच. उभ्या गाडीत काळा टप २५ अंशांनी जास्त गरम असला, तर अस्तरातून आत झिरपणारी जादा उष्णता दीडशे वॅटच्या घरात राहते.

गाडी चालू लागली की चित्र बदलतं. ४०-५० च्या वेगालाही वारा पत्रा झपाट्याने गार करतो आणि टपाच्या तापमानातला फरक १० अंशांच्या आत येतो. जादा उष्णता उरली ५० वॅट. गाडीचा एसी एक एकक काम करून साधारण दोन एकक उष्णता बाहेर फेकतो, म्हणजे कंप्रेसरला जादा काम २५ वॅटचं. इंजिनची कार्यक्षमता २५ टक्के धरली तर त्यासाठी पेट्रोलमधली १०० वॅट ऊर्जा जळते. एक लिटर पेट्रोलमध्ये जवळजवळ ८.९ किलोवॅट-तास ऊर्जा असते. म्हणजे तासाला ११ मिली. १५ चं ॲव्हरेज देणारी गाडी ४० च्या वेगाने तासाला २.७ लिटर जाळते, त्यात हे ११ मिली म्हणजे ०.४ टक्के. दरवाजे आणि खांब धरले तरी १ टक्क्याच्या खालीच राहतं.

तुमच्या वापरात मात्र दुसरा भाग जास्त महत्त्वाचा आहे: तापलेली गाडी पहिल्यांदा गार करणं. सीट, डॅशबोर्ड, दरवाज्यांचं प्लास्टिक हे सगळं ७-८ तास भाजलेलं असतं. काळ्या गाडीत ते ५ अंश जास्त तापलंय असं धरलं, तर तेवढी जादा उष्णता काढायला ढोबळमानाने १० ते २० मिली पेट्रोल लागतं. १२ किमीच्या फेरीत एकूण ८०० मिली जळतं. म्हणजे दुपारच्या फेरीत दीड-दोन टक्के, सकाळच्या फेरीत जवळजवळ शून्य, दिवसाचा मिळून १ टक्का. ढगाळ आणि थंड दिवस धरून वर्षाची सरासरी काढली तर त्याहूनही कमी.

तुलनेसाठी: चारही टायरमध्ये हवा ५ पीएसआयने कमी असेल तर तेवढाच, म्हणजे साधारण १ टक्का फटका बसतो. डिकीत ४५ किलो सामान उगाच पडून असेल तरी तेवढाच. हायवेवर टपावरची सामानाची पेटी याच्या कित्येक पट नुकसान करते. रंगाचा परिणाम खरा आहे, पण तो या रांगेतला आहे.

रंगथर

वजनाचं आधी उरकतो. कारखान्यातला रंग म्हणजे चार थर: तळाला ई-कोट (विजेच्या साहाय्याने चढवलेला गंजरोधक थर) सुमारे २० मायक्रॉन, त्यावर प्रायमर ३०-३५, मग खरा रंग म्हणजे बेसकोट १२ ते २०, आणि शेवटी ४० च्या आसपास क्लिअरकोट. सगळं मिळून १००-१२० मायक्रॉन. रंग बदलला तरी ई-कोट आणि क्लिअरकोट तेच राहतात, बदल मुख्यतः बेसकोटमध्ये. आणि तिथे ऐकीव गोष्टीच्या उलट घडतं. काजळीचा काळा पातळ थरातही खालचं सगळं झाकतो, तर पांढऱ्याला झाकण्यासाठी जाड थर लागतो आणि त्यातला टायटॅनियम डायऑक्साइड काजळीच्या दुपटीहून जड असतो. मोती छटेला तर मध्ये आणखी एक थर चढतो. तरीही हा फरक काहीशे ग्रॅमचा. फॉर्म्युला वनमध्ये २०२२-२३ च्या गाड्यांवर रंग खरवडून कार्बन उघडा ठेवलेला दिसला, कारण तिथे शंभर ग्रॅमसुद्धा मोजतात. हजार किलोच्या रोजच्या गाडीत ते कुठेच दिसणार नाही. गुळगुळीत पॉलिशने हवेचा रोध कमी होतो हाही समज सोडून द्या.

आता रंगाबद्दल. सूर्याच्या ऊर्जेतला निम्म्याहून थोडा जास्त भाग डोळ्यांना न दिसणाऱ्या जवळच्या अवरक्त किरणांत असतो. आपण ज्याला रंग म्हणतो तो उरलेल्या जेमतेम ४३ टक्क्यांचा खेळ. त्यामुळे दिसायला सारखे दोन काळे रंग उन्हात वेगवेगळे तापू शकतात. काजळीचा काळा दिसणारा आणि न दिसणारा दोन्ही प्रकाश गिळतो, परावर्तन फक्त ५ टक्के. क्रोम-लोह ऑक्साइडचा काळा अवरक्त परत फेकतो. पेरिलीनचा काळा अवरक्ताला सरळ आरपार जाऊ देतो आणि खालचा पांढरा थर तो परत पाठवतो. असे "थंड" गडद रंग ३५ टक्क्यांपर्यंत परावर्तन गाठतात. स्वयंचलित गाड्यांच्या लायडारला (लेझरने अंतर मोजणाऱ्या सेन्सरला) काजळीचा काळा नीट दिसत नाही, म्हणूनही रंग बनवणारे या काळ्यांकडे वळलेत.

यात एक गोष्ट हमखास बिघडते. पेरिलीनच्या काळ्याखाली पांढरा किंवा फिकट थर हवाच. डेंटिंग-पेंटिंगला गाडी गेली आणि कारागिराने सवयीने गडद राखाडी प्रायमर मारला, की रंग हुबेहूब जुळतो पण ते पॅनेल साध्या काळ्यासारखंच तापतं. डोळ्यांना काही कळत नाही, उन्हात हात लावला की कळतं. कंपनीच्या रंगाच्या माहितीपत्रात प्रायमरची छटा दिलेली असते. काम देताना तीच लिहून द्या.

चंदेरी रंग पांढऱ्याच्या जवळपास जातो, कारण त्यातले ॲल्युमिनियमचे कण अवरक्तही परतवतात. लाल, तपकिरी, निळा हे मधले, आणि त्यांचं वागणं नावावरून नाही तर रंगद्रव्यावरून ठरतं. रात्री मात्र सगळे सारखे: उष्णता बाहेर सोडण्याच्या बाबतीत काळ्या-पांढऱ्यात फरक नाही, दोघांची उत्सर्जकता ०.९ च्या आसपास.

मोजपट्टी

२ टक्क्यांचा आकडा लॉरेन्स बर्कली राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या २०११ च्या अभ्यासातला आहे. कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटो शहरात एक काळी आणि एक चंदेरी होंडा सिव्हिक शेजारी शेजारी उन्हात उभ्या केल्या, तापवल्या, एसी लावून गार केल्या, पुन्हा तापवल्या. काळ्याचं परावर्तन ०.०५, चंदेरीचं ०.५८. काळा टप जास्तीत जास्त २५ अंशांनी गरम निघाला, केबिनची हवा ५ ते ६ अंशांनी. यंत्रवेडा यांनी वर २५ आणि ५ धरलेत ते याच्याशी जुळतं.

इथपर्यंत मोजणी. त्यापुढचा २ टक्क्यांचा आकडा मोजलेला नाही, संगणकावर काढलेला आहे, आणि तो वाचताना लोकांची गल्लत होते. तर्क असा की आत ५-६ अंश कमी तापलं तर तेवढ्याच वेळात गाडी गार करायला १३ टक्के लहान एसी पुरेल, आणि लहान एसी बसवलेली गाडी एसी चालू असलेल्या उष्ण चाचणीत काळ्यापेक्षा लिटरमागे ०.१९ किमी जास्त जाईल. कंपनीने पांढऱ्या गाडीला खरोखर लहान एसी दिला तर हे लागू. शोरूममधून काळी घ्या की पांढरी, आत कंप्रेसर तोच असतो. म्हणून २ टक्के ही वरची मर्यादा समजा. त्याच अभ्यासात "थंड" गडद रंगाला १.१ टक्के आले.

हे स्वतःच्या गाडीवर पडताळायचं असेल तर फुल टाकी ते फुल टाकी पद्धतीने जमणार नाही. नोझल कधी बंद होतं, गाडी किती तिरकी उभी आहे, ट्रॅफिक किती होतं, यानेच एका टाकीचं ॲव्हरेज सहज ५ टक्के वर-खाली होतं. १०० टाक्यांची सरासरी घेतली तरी तिच्यात अर्धा टक्का अनिश्चितता उरते. १ टक्क्याचा फरक त्यात बुडून जातो. "काळी विकून पांढरी घेतली आणि ॲव्हरेज दोनने वाढलं" असं कुणी म्हणालं तर ते रंगामुळे झालेलं नाही.

तापमान मात्र नीट मोजता येतं. अवरक्त थर्मामीटरची उत्सर्जकता ०.९५ ला ठेवा, टपाच्या सरळ वरून धरा, तिरकं धरू नका. चकचकीत क्रोमवर तो चुकीचं दाखवतो, तिथे काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवून त्यावर मोजा. केबिनच्या हवेसाठी तारेचा सेन्सर डोक्याच्या उंचीला, दोन सीटच्या मध्ये लटकवा आणि त्यावर ऊन येऊ देऊ नका. उन्हात ठेवलेला सेन्सर हवेचं नाही, स्वतःचंच तापमान सांगतो. बहुतेक व्हिडिओंत दिसणारे अफाट आकडे याच चुकीतून येतात.

प्रवासी_७

टपाचीच एवढी चर्चा आहे, पण काचांचं काय? उभ्या गाडीत मुख्य ऊन तर तिथूनच येतं ना?

यंत्रवेडा

बरोबर, आणि हा मुद्दा पहिल्यांदाच यायला हवा होता. टपावरचं ऊन अस्तरातून गाळून येतं, काचेतून आलेलं थेट डॅशबोर्डवर आणि सीटवर पडतं आणि तिथेच अडकतं. पुढची काच मोठी, तिरपी, जवळजवळ आकाशाकडे तोंड केलेली. दुपारी डॅशबोर्ड ७०-८० अंशांवर जातो तो टपामुळे नाही. पॅनोरमिक काचेचा टप असेल तर पत्र्याचा रंग जवळपास गैरलागूच.

कॅलिफोर्नियाच्या एअर रिसोर्सेस बोर्डाने २००९ मध्ये गाड्या थंड ठेवण्याचा नियम केला तो काचांसाठी. काळ्या गाड्यांवर बंदी येणार ही तेव्हाची आवई होती. पुढच्या वर्षी तो काचांचा नियमही मागे घेतला गेला. काचेतला धातूचा थर मोबाइल आणि जीपीएसच्या लहरी अडवतो, हे त्यामागचं एक कारण.

गारवा

एसीच्या कामातून सांगतो. रंगाने जे जातं त्याच्या कितीतरी पट पहिल्या पाच मिनिटांच्या सवयींत आणि एसीच्या देखभालीत जातं.

गाडी उभी करताना पुढच्या काचेला आतून चंदेरी पडदा लावा, चमकणारी बाजू बाहेर. तो काचेला टेकलेला हवा. डॅशबोर्डवर आडवा पडला तर निम्मा उपयोग गेला. कडेने दोन बोटं फट राहिली की तिथून येणारी उन्हाची पट्टी थेट स्टिअरिंगवर पडते. शक्य असेल तर गाडीची पाठ दुपारच्या उन्हाकडे करा, मागची काच लहान असते. खिडक्या बोटभर उघड्या ठेवून फारसा फरक पडत नाही.

निघताना चारही काचा पूर्ण खाली घ्या, ब्लोअर फुल, बाहेरची हवा घेण्याची खिट्टी उघडी, आणि गाडी हलवा. एका जागी इंजिन चालू ठेवून एसीने गार करत बसणं ही सगळ्यात महाग पद्धत: कंडेन्सरला (एसीची उष्णता बाहेर टाकणाऱ्या पुढच्या जाळीला) वारा नाही, गॅसचा दाब चढलेला, कंप्रेसर जास्तीत जास्त ओढतोय आणि किलोमीटर शून्य. चालत्या गाडीत मिनिट-दोन मिनिटांत आतली ५५-६० अंशांची हवा जाऊन बाहेरची ४० ची येते. तेवढी उष्णता फुकट गेली. मग काचा वर, एसी चालू, आणि खिट्टी आतल्या हवेवर. आता आतली हवा बाहेरच्यापेक्षा गार आणि कोरडी झालेली असते, तीच पुन्हा फिरवली की कंप्रेसरचं काम बरंच घटतं. पण ती तशीच ठेवून लांबचा प्रवास करू नका. कार्बन डायऑक्साइड साठतो आणि पेंग येते. १५-२० मिनिटांनी दोन मिनिटं बाहेरची हवा घ्या.

नॉबवाल्या एसीत आणखी एक. गार वाटायला लागलं की बरेच जण तापमानाचा नॉब गरमकडे वळवतात. बहुतेक साध्या एसीत त्यामुळे कंप्रेसरचं काम फारसं कमी होत नाही. कूलिंग कॉइल आधीसारखीच गार राहते आणि त्या हवेत हीटरची गरम हवा मिसळली जाते. नॉब पूर्ण गारवर ठेवून ब्लोअर कमी करा, कंप्रेसर लवकर कट होतो.

देखभालीत पहिला नंबर कंडेन्सरचा. जाळीत चिखल-किडे बसले की उष्णता बाहेर पडत नाही. नळाच्या साध्या दाबाच्या पाण्याने, जमेल तिथे इंजिनच्या बाजूने बाहेरच्या दिशेला धुवा. प्रेशर वॉशर जवळ धरला तर पत्र्या आडव्या होतात आणि हवा कायमची अडते. दुसरा नंबर पंख्याचा: एसी चालू करून बॉनेट उघडा, कंडेन्सरचा पंखा फिरायलाच हवा. चालत्या गाडीत कूलिंग चांगलं आणि सिग्नलला मंद, हे पंखा किंवा त्याचा रिले गेल्याचं लक्षण. तिसरा गॅस. लहान गाडीत साधारण ४०० ते ६०० ग्रॅम बसतो, नेमका आकडा बॉनेटखालच्या स्टिकरवर असतो. तो वजनाने भरून घ्या. "थोडा जास्त मारतो, कूलिंग वाढेल" असं कुणी म्हणालं तर थांबवा. गॅस जास्त झाला की कंडेन्सरमधला दाब चढतो, कंप्रेसर जड होतो, कूलिंग उलट घटतं आणि पेट्रोल वाढतं. उरला केबिन फिल्टर, तो १५,००० किमीच्या आसपास, धुळीत त्याआधीच बदला.

नवी_चाकं

खूप स्पष्ट झालं, आभार. म्हणजे काळी घ्यायला हरकत नाही. एकच शंका: फक्त टपावर पांढरं व्हिनाइल रॅप लावून घेतलं तर? आणि पुढेमागे इलेक्ट्रिक घेतली तर हेच गणित लागू होतं का?

रंगथर

पेट्रोल वाचवायला म्हणून लावू नका. वर काढलेल्या हिशेबातला तेवढाच तुकडा परत मिळेल आणि तो रॅपचा खर्च भरून काढणार नाही. डोक्याला लागणारी धग कमी करायला मात्र उपयोग होतो. तापलेलं अस्तर वरून डोक्यावर उष्णता फेकत राहतं. ते गार असेल तर ब्लोअर एक पायरी खाली ठेवूनही बरं वाटतं. उंच माणसाला हा फरक लगेच जाणवतो.

लावायचंच असेल तर कास्ट प्रकारचं ८०-१०० मायक्रॉनचं घ्या. स्वस्तातलं कॅलेंडर्ड टपाच्या खाचांतून आकसून उठतं. टप ताजा रंगवलेला असेल तर आतलं द्रावक निघून जायला काही आठवडे द्या, नाहीतर खाली फुगे येतात. आधी धुऊन, क्ले (रुतलेली घाण काढणारी मऊ माती) फिरवून, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्या. ताणलेल्या जागा शेवटी हीट गनने ९०-९५ अंशांपर्यंत तापवायच्या, म्हणजे व्हिनाइल नव्या आकारात "बसतं". ही पायरी गाळली की दोन-तीन कडक उन्हांत कडा सुटतात. अँटेनाभोवती ब्लेडने कापू देऊ नका, क्लिअरकोटवर चरा पडतो आणि तिथून गंज सुरू होतो. कापणारी दोऱ्याची टेप मिळते, ती वापरायला सांगा. आणि टपावरचं रॅप दरवाज्यांवरच्यापेक्षा खूप लवकर म्हातारं होतं. कडक होऊन तडकायच्या आधीच, थोडं तापवून, पृष्ठभागाला जवळजवळ चिकटून हळू ओढत काढा. नोंदणीपत्रात रंग लिहिलेला असेल तर दोन रंगांबद्दलचा तिथला नियम आधी बघा.

यंत्रवेडा

इलेक्ट्रिकमध्ये इंजिनचा तोटा मधे नसतो, म्हणून २५ वॅट हे २५-३० वॅटच राहतात. गाडीला ४० च्या वेगाला सहा किलोवॅट लागत असतील तर रंगाचा वाटा पुन्हा अर्ध्या टक्क्याच्या आसपासच. मोठा फायदा वेगळ्याच जागी आहे: गाडी चार्जरला लावलेली असतानाच निघण्याआधी दहा मिनिटं एसी चालवून घ्या, तापलेली केबिन गार करायची ऊर्जा बॅटरीतून जात नाही.

थंड प्रदेशात हेच उलटं होतं. पेट्रोल गाडीचा हीटर इंजिनची वाया जाणारी उष्णता वापरतो, त्यामुळे काळ्या रंगाने तिथे इंधन वाचत नाही. इलेक्ट्रिकला ऊब बॅटरीतून घ्यावी लागते, म्हणून उन्हात उभी काळी गाडी थोडं काही कमावते. पण हिवाळ्यातलं ऊन तिरपं असतं, टपावर कमीच पडतं. तिथेही जे काही मिळतं ते मुख्यतः काचांतूनच.